वर्गणी की किंमत? दहा डॉलरच्या खोक्यापासून १९७ डॉलरच्या खोक्यापर्यंत

२०१६ साली अमेरिकेतल्या मॉन्टी कुक गेम्स या कंपनीने 'इनव्हिजिबल सन' नावाच्या खेळासाठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. पूर्ण संच हवा असेल तर १९७ डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण तेरा हजार रुपये! चाहत्यांत लगेच दोन तट पडले. एक म्हणे, ही शुद्ध लूट आहे. दुसरा म्हणे, चार पुस्तकं, पत्ते, सोंगट्या, एवढा मोठा काळा चौकोनी खोका, आणखी काय पाहिजे? भांडण जोरात चाललं, आणि तरीही सहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे चार-पाच जण एकेक पात्र घेतात. नियमांचं पुस्तक, कागद, पेन्सिल आणि फासे एवढं भांडवल पुरतं. बाकी सगळी गोष्ट तोंडी घडते. पुस्तक एकाने घ्यायचं, खेळायचं सगळ्यांनी, आणि तेही वर्षानुवर्षं. आता अशा वस्तूची किंमत ठरवायची कशी? कागदाची, की कल्पनेची?

हा वाद किकस्टार्टरने आणलेला नाही बरं का. तो या खेळाइतकाच जुना आहे.

१९७४ च्या जानेवारीत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाहेर पडला. कर्ते दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. पैसे कुणाकडेच नव्हते. गायगॅक्सचा बालमित्र डॉन के याने आपल्या विम्यावर हजार डॉलर कर्ज काढलं, ब्रायन ब्लूम नावाच्या तिसऱ्या भागीदाराने दोन हजार घातले, तेव्हा कुठे छपाई झाली. हजार प्रती. लाकडाच्या रंगाच्या खोक्यात तीन बारीक पुस्तिका, किंमत १० डॉलर. फासे वेगळे घ्यायचे. शिवाय 'चेनमेल' हे आणखी एक नियमपुस्तक तुमच्याकडे असेलच, असं गृहीत धरलेलं!

तेव्हाही लोक म्हणाले, तीन चोपड्यांना दहा डॉलर? विद्यार्थ्यांनी सरळ झेरॉक्स काढून वाटल्या. ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रे याने तर १९७५ मध्ये स्वतःचाच खेळ लिहिला, 'टनेल्स अँड ट्रोल्स'. घरातले साधे सहा बाजूंचे फासे चालतील असा. पहिल्या खेपेला शंभर प्रती काढल्या. म्हणजे या खेळाचा पहिला मोठा स्पर्धक साधेपणाच्या आणि सोयीच्या मुद्द्यावरच उभा राहिला. आणि विम्यावर कर्ज काढणारा डॉन के? खेळाला वर्ष होतंय तोच, १९७५ च्या जानेवारीत, ऐन छत्तिशीत हृदयविकाराने गेला. धोका त्याने पत्करला, वैभव बघायला तो उरला नाही.

आता जरा हिशेब करू. १९७४ चे दहा डॉलर म्हणजे महागाई धरून २०१४ चे साधारण ४८ डॉलर. २०१४ मध्ये याच खेळाची पाचवी आवृत्ती आली, तिच्या मुख्य पुस्तकाची छापील किंमत ४९.९५ डॉलर. पण आता तीनशेहून जास्त रंगीत पानं आणि कडक बांधणी. वर प्राथमिक नियम इंटरनेटवर फुकट! म्हणजे 'पूर्वी स्वस्त होतं, आता लुटतात' ही तक्रार निदान या पुस्तकापुरती तरी टिकत नाही. 'इनव्हिजिबल सन' मात्र त्या जुन्या खोक्याच्या खऱ्या अर्थाने चौपट महाग होता, हेही तितकंच खरं.

पण मग स्वस्त ठेवलं तर सगळं आलबेल होतं का? त्याच २०१६ सालची दुसरी मोहीम बघा. 'सेव्हन्थ सी' या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीला अकरा हजारांवर लोकांनी तेरा लाख डॉलरहून जास्त पैसे दिले. रक्कम वाढत गेली तशी पुस्तकांची आश्वासनंही वाढत गेली. त्याच पैशात आणखी एक पुस्तक, मग आणखी एक. चाहते खूश. पण लेखक, चित्रकार, छपाई, टपाल यांचा खर्च त्या आनंदाने थोडाच भागतो? शेवटी कंपनीला माणसं कमी करावी लागली, आणि २०१९ मध्ये केऑसियम या जुन्या प्रकाशनाने तो खेळ आणि उरलेली आश्वासनं दोन्ही आपल्याकडे घेतली.

मला वाटतं, गोंधळ एका शब्दाचा आहे. आपण जिला 'किंमत' म्हणतो ती इथे असते 'वर्गणी'. आपल्याला हे नवं नाही. डॉ. केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी मराठी ज्ञानकोशासाठी लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, आगाऊ वर्गणीदार जमवले आणि २३ खंड पुरे केले. आजही आपल्याकडे 'प्रकाशनपूर्व सवलत' चालतेच. त्यात ग्राहक आधी पैसे देतो, म्हणजे धोक्याचा एक वाटा स्वतः उचलतो. म्हणूनच तो सवलतीला पात्र असतो. डॉन केने १९७३ मध्ये जे केलं, ते आता हजारो जण थोडंथोडं करतात.

मग त्यांना काय मिळायला हवं? गिऱ्हाईक भाव करतो, नाही पटलं तर पुढच्या दुकानात जातो. वर्गणीदाराने मागायचा तो हिशेब. लेखकाला किती, छपाईला किती, टपालाला किती, उशीर झाला तर का? १९७ डॉलर जास्त की कमी, यावर रात्र रात्र वाद घालणारे चाहते हे चार प्रश्न क्वचित विचारतात. आणि खोका घरी आल्यावर तो उघडला जातो का, हा पाचवा प्रश्न. पाच मित्रांनी वीस रविवार खेळलं, तर ते तेरा हजार माणशी, दर बैठकीला १३० रुपये पडतात. सिनेमाच्या तिकिटापेक्षाही कमी. कपाटावर धूळ खात पडला, तर मात्र दहा डॉलरचा खोकासुद्धा महागच.

गल्लीतल्या मंडळाला आपण पावती फाडतो तेव्हा हिशेबाचा फलक वाचतो का, हेही जाता जाता आठवून बघा. तुमचा अनुभव काय, जरूर लिहा.