जर्मन नागरिकांची स्थानबद्धता (पुणे–अहमदनगर परिसर)

दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने ‘शत्रुदेशीय’ ठरवलेल्या जर्मन व ऑस्ट्रियन लोकांना अटकेत ठेवण्याची व्यवस्था. मुख्य ठाणे अहमदनगरची छावणी. दुसऱ्या महायुद्धात सातारा आणि पुरंदर किल्ला यांची त्यात भर पडली.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मनद्वेष रस्त्यावर उतरला होता. एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉय राज्यातील कॉलिन्सव्हिल येथे जमावाने रॉबर्ट प्रेगर या जर्मन स्थलांतरिताला झाडाला टांगून मारले. बॉस्टनच्या वाद्यवृंदाचे प्रमुख कार्ल मुक यांना स्थानबद्ध करण्यात आले. इकडे मात्र जे काही झाले ते वटहुकमाने झाले. मराठी मुलखाचे भांडण इंग्रजांशी होते. जर्मनांचा राग धरण्याचे लोकांना कारणच नव्हते.

१९१४ पासून नगरला व्यापारी, खलाशी, मिशनरी आणि पुढे जर्मन पूर्व आफ्रिकेतून आणलेले कैदी ठेवले गेले. त्याच शहरात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम चालू होते. म्हणजे एक परदेशी पाद्री तारेच्या आत, तर दुसरा शाळा-दवाखाना चालवत बाहेर मोकळा. अमेरिका तेव्हा तटस्थ होती. ब्रिटिश साम्राज्यातील जर्मन हितसंबंध पाहण्याचे कामही तिच्याच वकिलातींकडे होते. फेब्रुवारी १९१७ मध्ये तिने जर्मनीशी संबंध तोडल्यावर ते स्वित्झर्लंडकडे गेले.

संस्थांवरचे परिणाम जास्त टिकले. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज जर्मन जेझुइटांनी १८६९ मध्ये उभारले होते. हे जर्मन जेझुइट अटकेत गेल्याने इंग्रज जेझुइट ऑल्बन गुडियर यांना बोलवावे लागले, आणि युद्धानंतर तेथे स्पॅनिश जेझुइट आले. पुण्याचे जर्मन बिशप हाइनरिश डोरिंग यांची १९२१ मध्ये थेट हिरोशिमाला नेमणूक झाली. पुण्याची गादी त्यांना पुन्हा मिळाली ती १९२७ मध्ये. कोकणातल्या घरांवर चढलेली मंगळुरी कौले ज्या बासेल मिशनने १८६५ पासून भाजली, त्याचे कारखानेही युद्धामुळे हातचे गेले.

३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर होताच धरपकड सुरू झाली. नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परतणारा ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर कराचीत सापडला. नगर, देवळाली असे करत तो देहरादूनला पोचला आणि एप्रिल १९४४ मध्ये तेथून पळून तिबेटात गेला. त्याच्याइतका गाजलेला कैदी या छावण्यांत दुसरा नाही, म्हणून बाकीच्यांची हकिकत झाकली गेली आहे.

ती हकिकत जास्त बोचरी आहे. अटक झालेल्यांत हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यू होते. चौकशी समितीने त्यांतल्या अनेकांना सोडले, पण १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर नियम पुन्हा आवळले गेले. कुटुंबकबिला असलेले आणि कमी धोक्याचे समजले गेलेले लोक पुरंदर, साताऱ्याला हद्दीबाहेर न जाण्याच्या हमीवर राहत. पुरंदरावर ब्रिटिश सैनिकांसाठी आधीपासूनच आरोग्यधाम होते, त्यामुळे राहण्याची सोय तयार होती. नाझींनी १९३८ पासून ज्यूंच्या पासपोर्टांवर ‘जे’ हे अक्षर उठवले होते. येथील सरकारला त्या पासपोर्टात आधी जर्मनी दिसली. नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने देशाबाहेरच्या ज्यूंचे नागरिकत्वच काढून घेतले.