न्यू ऑर्लिअन्सच्या शाळांचा पुनरुद्धार

अमेरिकेतील न्यू ऑर्लिअन्स नगरीत विद्येची दारे सर्वांस सुखासुखी उघडली नाहीत. १४ नोव्हेंबर १९६० रोजी रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय बालिका गोऱ्यांच्या शाळेत प्रविष्ट झाली, तीही सरकारी पहाऱ्यात! पुढे २९ ऑगस्ट २००५ च्या कॅटरिना वादळात बांध फुटून बहुतेक शाळांची हानी झाली. सात हजारांहून अधिक शिक्षक व सेवक नोकरीस मुकले. २०१० साली केंद्र सरकारने इमारतींसाठी सुमारे १.८ अब्ज डॉलर मंजूर केले. २०१८ साली शाळा निर्वाचित शिक्षणमंडळाच्या देखरेखीखाली परतल्या. निकाल सुधारले, परंतु कित्येक जुने शिक्षक परतले नाहीत. बंधुभगिनींनो, भिंती द्रव्याने उभारता येतात. गुरुजनांचा दुखावलेला विश्वास द्रव्याने सांधत नाही. शाळेस देणगी देताना शिक्षकाचाही विचार व्हावा.