केडगावहून गेलेले चोपडे

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्याकडे दोन गोष्टी हटकून निघतात. एक त्यांची संस्कृत विद्वत्ता आणि दुसरी त्यांचे धर्मांतर. पहिलीचे कौतुक होते, दुसरीवर वाद माजतो. आणि त्या वादाच्या धुरळ्यात केडगावच्या माळावर पुढे काय घडले, इकडे कोणाचे लक्षच जात नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, वालपराइसो नावाच्या बंदरात, साध्यासुध्या माणसांची एक ख्रिस्ती मंडळी उभी राहिली आणि तिच्या मुळाशी केडगावचे एक चोपडे आहे, असे सांगितले तर पुण्याचा माणूस चटकन विश्वास ठेवणार नाही. मलाही ही हकीकत प्रथम एखाद्या कादंबरीतली वाटली होती.

१८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुलीबायकांसाठी रमाबाईंनी केडगावी ‘मुक्ती’ वसवली. १८९८ साली मिनी एब्रम्स नावाची अमेरिकन मिशनरी बाई त्यांच्या मदतीला आली. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करायला कोण येईल, असे विचारले, तेव्हा सत्तर जणी पुढे झाल्या. पाहता पाहता त्यांची संख्या वाढली. जूनअखेरीस एके रात्री झोपायच्या खोलीत एका मुलीच्या अंगावर आग उतरलेली तिच्या सोबतिणीला दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि ओतणार तोच तिच्या ध्यानी आले, की मुलगी मुळी पेटलेलीच नाही! कोणी याला चमत्कार म्हणो, कोणी भास. मला त्यातली ती बादली फार खरी वाटते. दुष्काळातून आलेल्या पोरी त्या. आग दिसली की पाणी आणायचे, एवढे त्यांना पक्के ठाऊक.

ख्रिस्ताच्या शिष्यांवर पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पन्नासाव्या दिवशी, अग्नीच्या जिभांसारखा पवित्र आत्मा उतरला, अशी बायबलात कथा आहे. तेच आपल्या काळी पुन्हा घडू शकते, असे मानणारे ते पेंटेकॉस्टल. एब्रम्सबाईंनी या विषयावर १९०६ साली इंग्रजीत एक चोपडे लिहिले, ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले. शिकागोच्या शाळेतली त्यांची एक मैत्रीण चिलीत होती, तिला त्यांनी एक प्रत धाडली. मैत्रिणीने मैत्रिणीला टपालाने धाडलेले पुस्तक, याहून त्यात काही नव्हते.

ही मैत्रीण म्हणजे मे हूवर. तिचा नवरा विलिस हूवर हा पेशाने डॉक्टर; १८८९ साली मेथडिस्ट मिशनरी म्हणून चिलीत आला आणि १९०२ पासून वालपराइसोच्या मंडळीचा पाळक होता. देश सारा रोमन कॅथलिक, त्यात ही मूठभर माणसे. १६ ऑगस्ट १९०६ च्या भूकंपाने शहर उद्ध्वस्त केले, त्यात त्यांचे मंदिरही गेले. छप्पर गेलेली मंडळी घराघरांतून जमू लागली. अशा दिवसांत, १९०७ साली, केडगावचे टपाल येऊन पोचले. नवराबायको ते वाचून चकित झाली. असा काही अनुभव असतो, हेच त्यांच्या कानावर नव्हते.

१९०९ च्या आरंभी प्रार्थनेच्या सप्ताहात ती मंडळी एकाएकी एका सुरात, मोठमोठ्याने, सगळीच्या सगळी प्रार्थना करू लागली. मुक्तीतल्या मुलीही अशाच करीत. पुढे कोणी रडे, कोणी हसे, कोणी अनोळखी भाषेत बोले. मंडळीतल्या एका गरीब रात्रपहारेकऱ्याचा दृष्टान्त पाळकाने मन लावून ऐकला. मला वाटते, खरी क्रांती तीच. ज्याला दिवसा कोणी विचारीत नाही, त्याचा शब्द मंदिरात मोलाचा ठरला.

वरच्यांना हे कसे रुचावे? १२ सप्टेंबर १९०९ रोजी राजधानी सान्तियागोत नेली लेडलॉ नावाच्या बाईला चर्चमध्ये बोलू दिले नाही; गोंधळ उडाला, पोलिस आले, बाईला अटक झाली. चिलीतले पेंटेकॉस्टल लोक आजही तो दिवस पाळतात. फेब्रुवारी १९१० मध्ये मेथडिस्टांच्या वार्षिक परिषदेने हूवरच्या शिकवणुकीवर ठपका ठेवला: ती मेथडिस्ट नाही, शास्त्राला धरून नाही आणि बुद्धीलाही धरून नाही. मुकाट्याने मायदेशी परतणे त्याला सोपे होते. त्याने राजीनामा दिला आणि तो तिथेच राहिला. त्याच्यामागे निघालेल्या लोकांनी भूकंपानंतर बांधलेले, नुकतेच उघडलेले मंदिर सोडले आणि ते पुन्हा घराघरांतून जमू लागले. मात्र या खेपेस भूकंपाने नव्हे, आपल्या मर्जीने.

त्या मंडळीचा पुढे मोठा वृक्ष झाला आणि वृक्षाला फांद्या फुटतात तशी ती फुटलीही. १९३०-४० च्या दशकात खुद्द हूवरच वेगळा झाला. २००२ च्या जनगणनेत चिलीत शंभरातले पंधरा लोक स्वतःला इव्हॅन्जेलिकल म्हणवीत होते, आणि त्यांत पेंटेकॉस्टलांचाच भरणा मोठा.

रमाबाई स्वतः मात्र कोणत्याही नव्या पंथात शिरल्या नाहीत. अनोळखी भाषेत बोलणे हे देवाचे देणे असेल, पण ते प्रत्येकाला आलेच पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते. एब्रम्सबाई १९१२ साली उत्तर प्रदेशात वारल्या. हूवरने म्हातारपणी या चळवळीचा इतिहास स्पॅनिशमध्ये लिहिला, तो १९३६ साली वारला. हिंदुस्थानातून आलेल्या त्या चोपड्याची आठवण त्याने आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे.