एसटी पडलं, आता कोणाला उभं करायचं?

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते त्या दिवशी कचेरीच्या आवारात हा प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणारा आदिवासी नसतो. तो गावचा जुना पुढारी असतो आणि त्याला वाडीवरचं एखादं ‘शांत’ नाव हवं असतं. वीसेक वर्षं या बातम्या करतोय. चारशे शब्दांत कुठल्या गावाला काय पडलं ते छापून येतं, हा प्रश्न मात्र बातमीत कधी येत नाही. म्हणून आज इथे लिहितो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आपल्या भागातली माणसं पूर्वी पुढारी कशी झाली, ते आधी बघू.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. पलटणीत हवालदार होते, १८८६ ला निवृत्त झाले. पलटणीत लिहायला-वाचायला शिकलेले, हातात पेन्शन, त्यामुळे गावकीच्या तुकड्यावर पोट नाही. त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळ काढलं, अस्पृश्यतेवर पुस्तिका लिहिली, वर्तमानपत्रांतून लिहीत राहिले. १८९५ साली सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमलं तेव्हा वरच्या जातींच्या लोकांनी काय गदारोळ केला असेल, ते वेगळं सांगायला नको. पण बोर्डावर बसण्याआधीच हा माणूस पुढारी होता. खुर्ची नंतर आली.

मग आपल्या दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे कॉम्रेड आर. बी. मोरे. जन्म १९०३ चा. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला, तर या पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, आणि दार उघडावं लागलं. पुढे १९२७ च्या मार्चमध्ये महाडला परिषद भरली आणि चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं, त्यामागे गावोगाव फिरून माणसं जमवणाऱ्यांत मोरे पुढे होते. डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा आले ते ‘पद्मावती’ बोटीने, आपल्या दासगाव बंदरावर. धरमतरमार्गे वाट जवळची होती. पण मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर दासगावहून पाच मैल चालत महाड गाठता येईल, असा हिशेब होता. वाटेत साथ देणारी माणसं इथे होती, हेही त्यात आलंच. आज बंदराकडे बघून हे कोणाला खरं वाटणार नाही.

मोरे पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले, कामगारांत राहिले, ‘जीवनमार्ग’ साप्ताहिक सुरू केलं. १९७२ ला वारले. आमदारकी नाही, खासदारकी नाही.

या दोघांच्या मागे पलटण होती, पेन्शनरांची घरं होती, शाळा होती, मुंबईची गिरणी नि गोदी होती. वर चढायला शिडी होती. मोडकी का असेना, पण होती.

आता कातकरीवाडीवर या.

कातकरी म्हणजे खैराचा कात पाडणारे. जंगल सरकारचं झालं, खैरावर हात टाकणं गुन्हा झाला, धंदा गेला. मग कोळसा पाडणं, आणि आता वीटभट्टी. महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींतली ही एक, बाकी दोन कोलाम आणि माडिया गोंड. २०११ च्या जनगणनेत राज्यात कातकरी पावणेतीन लाखांवर होते, आणि रायगड हा त्यांचा मोठा मुलूख. १९३० च्या चिरनेर जंगल सत्याग्रहाच्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी यांचं नाव घेतलं जातं. मरायला माणूस पुढे होता. पण रायगडात विधानसभेचे सात मतदारसंघ, त्यातला एकही आदिवासींसाठी राखीव नाही.

त्याहून मोठी गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. ठाण्याचा काही भाग, पालघर, नाशिक, नंदुरबार, गडचिरोलीत अनुसूचित क्षेत्र आहे, तिथे १९९६ चा पेसा कायदा चालतो. तिथे सरपंचपद कायम आदिवासींचंच, आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी एखाद्या पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. आपल्याकडे सरपंचपद फिरत्या आरक्षणात कधीतरी येतं, पाच वर्षांनी जातं, आणि वाडी मोठ्या गावाच्या ग्रामसभेत मागे उभी राहते. नॉर्वेत सामी या मूळनिवासींची स्वतःची निवडून दिलेली संसद १९८९ पासून आहे, तिला अध्यक्ष असतो. तिथल्या पोरीला मोठेपणी ते पद दिसतं. वाडीवरच्या पोरीला फार तर अंगणवाडी मदतनीस दिसते.

नुसता कायदा पुरतो, असंही नाही. डहाणू-तलासरीत वारल्यांनी १९४५ पासून किसान सभेत वेठबिगारी मोडली, त्या चळवळीतूनच लहानू कोम १९७७ ला खासदार झाले. पेसा तेव्हा कुठे होता? आधी संघटना, मग पद.

मी एका ग्रामपंचायतीत (गाव सांगत नाही) आदिवासी महिला सरपंच बघितल्या आहेत. सहीचं बोट दुसरा दाखवायचा. दुसऱ्या वर्षी त्यांनी कागद घरी न्यायला सुरुवात केली, शाळेत जाणारा मुलगा वाचून दाखवायचा. तिसऱ्या वर्षी प्रश्न विचारू लागल्या. मुदत संपली, आरक्षण फिरलं, आणि ते घर पुन्हा भट्टीवर गेलं. अनुभव घेतलेलं माणूस पंचायत समितीकडे सरकायला हवं होतं. सरकायला मधली पायरीच नव्हती.

भट्टीचंच बघा. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. दिवाळीनंतर ट्रक निघतात ते पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे चारातल्या दोन सभांना वाडी रिकामी.

एक पायरी मात्र आपल्याकडेही आहे. २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता नाही, रायगडलाही लागू आहे. गावात आदिवासी असतील तर वनहक्क समितीत दोन तृतीयांश सदस्य आदिवासी हवेत. किती गावांत ही समिती खरोखर बसते, अध्यक्ष कोण, इतिवृत्त कोण लिहितं, हे मी येत्या महिन्यात महाड आणि पोलादपूरमध्ये फिरून बघणार आहे.

सोबत एक यादीही करतोय: १९६२ ला पंचायत राज आलं तेव्हापासून आपल्या दोन तालुक्यांत कातकरी समाजातले कोण कोण सरपंच झाले, कोण पंचायत समितीवर गेले. माझ्या वहीत आतापर्यंत पान अर्धंही भरलेलं नाही. कोणाच्या वडिलांना, आजोबांना नावं आठवत असतील तर कळवा. ट्रक निघायच्या आधी वाड्यांवर जायचंय.