विकेंद्रित समाजमाध्यमांतील वापरकर्त्याची ओळख

विकेंद्रित समाजमाध्यमांतील वापरकर्त्याची ओळख म्हणजे कोणत्याही एका कंपनीच्या ताब्यात नसलेल्या जाळ्यावर अमुक मजकूर अमुक खात्याचाच आहे, हे इतरांना पडताळून पाहता यावे यासाठी केलेली व्यवस्था होय. फेसबुकसारख्या केंद्रीय सेवेत खात्याची नोंद कंपनीच्या दप्तरी असते. परवलीचा शब्द विसरल्यास कंपनी नवा ठरवू देते. मात्र तिच्या मनात आल्यास ती खाते बंदही करू शकते. विकेंद्रित जाळ्यांत हा अधिकार कोणाकडे असावा, याची उत्तरे वेगवेगळी आहेत. मॅस्टोडॉनमध्ये तो सर्व्हरचालकाकडे असतो, नॉस्टर व सिक्युअर स्कटलबट यांमध्ये वापरकर्त्याजवळच्या कूटकिल्लीत असतो, तर ब्ल्यूस्कायने या दोहोंमधला मार्ग काढला आहे.

किल्ल्यांची जोडी

या व्यवस्थांच्या मुळाशी सार्वजनिक किल्लीचे कूटशास्त्र आहे. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ही कल्पना १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. वापरकर्त्याचे उपकरण प्रथम एक प्रचंड मोठी यादृच्छिक संख्या निवडते. ही खासगी किल्ली. तिच्यावरून गणिताने सार्वजनिक किल्ली काढली जाते. उलट दिशेने, म्हणजे सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली शोधणे, आजच्या संगणकांना व्यवहारतः अशक्य आहे. मजकूर आणि खासगी किल्ली यांपासून अंकीय स्वाक्षरी तयार होते, आणि ती खरी की खोटी हे सार्वजनिक किल्लीच्या साहाय्याने कोणालाही तपासता येते.

जुन्या मराठी पत्रांच्या अखेरीस मोर्तब उमटवीत; त्यापुढे कोणाला परस्पर मजकूर वाढवता येऊ नये, हा त्याचा हेतू होता. अंकीय स्वाक्षरी हेच काम करते, पण तिचे रूप मजकुरागणिक बदलते. त्यामुळे एका लेखावरची स्वाक्षरी उचलून दुसऱ्यावर डकवता येत नाही. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे : स्वाक्षरीमुळे मजकूर गुप्त होत नाही, आणि लिहिणारी व्यक्ती प्रत्यक्षात कोण आहे हेही सिद्ध होत नाही. दोन लेखांवर एकाच किल्लीची स्वाक्षरी आहे, एवढेच कळते.

सर्व्हरवर अवलंबून असलेली ओळख

मॅस्टोडॉन हे सॉफ्टवेअर ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये प्रकाशित केले. ते ॲक्टिव्हिटीपब या नियमावलीनुसार चालते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी २०१८ मध्ये या नियमावलीला शिफारशीचा दर्जा दिला. येथील पत्ता ईमेलसारखा, म्हणजे सदस्यनाव आणि सर्व्हरचे नाव मिळून बनतो. किल्ल्या येथेही असतात, परंतु खासगी किल्ली सर्व्हरवरच राहते. वापरकर्त्याला तिचे दर्शनही घडत नाही. दुसऱ्या सर्व्हरवर स्थलांतर करता येते व अनुयायी सोबत नेता येतात, मात्र जुने लेख मागेच राहतात. शिवाय स्थलांतराच्या वेळी जुना सर्व्हर चालू असावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या ताब्यातील अफगाणिस्तानने आपल्या ‘डॉट एएफ’ या प्रत्ययाखालील ‘क्विअर डॉट एएफ’ हे नाव स्थगित केले. त्या नावाने चालणारा मॅस्टोडॉन सर्व्हर एकाएकी अनाथ झाला आणि तेथील सदस्यांचे पत्ते निरुपयोगी ठरले.

किल्ली हीच ओळख

नॉस्टर ही नियमावली ‘फियात्जाफ’ या टोपणनावाच्या विकसकाने २०२० मध्ये मांडली. तिच्यात खाते उघडणे असा प्रकारच नाही : किल्ल्यांची जोडी तयार केली की ओळख तयार झाली. प्रत्येक लेखावर स्वाक्षरी करून तो ‘रिले’ नावाच्या अनेक सर्व्हरांकडे पाठवला जातो. एका रिलेने लेख नाकारला तरी तो दुसऱ्यावर ठेवता येतो आणि वाचकाला तो तितकाच अस्सल ठरवता येतो. सार्वजनिक किल्ली ‘एनपब’ने व खासगी किल्ली ‘एनसेक’ने सुरू होणाऱ्या लांबलचक अक्षरमालेत लिहितात. दोन्ही सारख्याच दिसत असल्याने नवखा माणूस चुकीची अक्षरमाला जाहीर करून बसण्याचा धोका असतो.

त्याआधी न्यूझीलंडमधील डॉमिनिक टार यांनी घडवलेल्या सिक्युअर स्कटलबटमध्ये प्रत्येक लेख आधीच्या लेखाशी साखळीने जोडलेला असतो. येथे जुनी प्रत परत आणणेही जोखमीचे असते, कारण तिच्यावरून पुढे लिहिल्यास साखळीला दोन फाटे फुटतात आणि इतरांची उपकरणे पुढचे लेख स्वीकारत नाहीत.

अशी अक्षरमाला कोणाच्या लक्षात राहणार? नाव सुबोध असावे, सुरक्षित असावे आणि कोणत्याही केंद्रावर विसंबून नसावे, या तिन्ही गोष्टी एकत्र साधणे कठीण असल्याचे झूको विलकॉक्स यांनी २००१ मध्ये मांडले. यालाच ‘झूकोचा त्रिकोण’ म्हणतात. नॉस्टरमध्ये यावर उपाय म्हणून संकेतस्थळाचे नाव किल्लीशी जोडता येते. ते नाव गेले तरी किल्ली शाबूत राहते.

किल्ली हरवणे व चोरीस जाणे

किल्लीवर आधारलेल्या ओळखीचा सर्वांत दुबळा भाग हाच आहे. नॉस्टरची खासगी किल्ली हरवल्यास ती परत देणारा कोणीही नाही. जुने लेख आणि जमलेले वाचक कायमचे दुरावतात. चोरी तर अधिक वाईट, कारण चोराची स्वाक्षरी आणि मालकाची स्वाक्षरी यांत गणिताला फरक दिसत नाही. जुनी किल्ली रद्द करून नवी तिच्या जागी आणण्याची सर्वमान्य रीत नॉस्टरमध्ये रुजलेली नाही. म्हणून प्रत्येक ॲपमध्ये किल्ली टाकण्याऐवजी ती ब्राउझरच्या विस्तारकात किंवा स्वतंत्र स्वाक्षरी-सेवेत ठेवण्याची पद्धत निघाली. स्कटलबटच्या वर्तुळात ‘डार्क क्रिस्टल’ या प्रकल्पाने अदी शमीर यांची पद्धत वापरली. तिच्यात गुपिताचे तुकडे विश्वासू मित्रांत वाटतात आणि ठरलेल्या संख्येइतके तुकडे जमले की ते पुन्हा मिळते.

ब्ल्यूस्कायची एटी नियमावली ओळख आणि किल्ली यांची फारकत करते. प्रत्येक खात्याला न बदलणारा ओळखक्रमांक असतो, आणि त्याच्याशी सध्या कोणती किल्ली जोडलेली आहे हे एका निर्देशिकेत नोंदलेले असते. रोजच्या स्वाक्षरीची किल्ली सर्व्हरकडे असते. तिच्यावर ‘फेरबदल-किल्ल्यां’चा अधिकार चालतो. या किल्ल्यांना उतरता क्रम असतो, आणि खालच्या किल्लीने केलेला बदल वरच्या किल्लीला ७२ तासांच्या आत रद्द करता येतो. वापरकर्ता स्वतःची फेरबदल-किल्ली सर्वांत वर नोंदवू शकतो. तसे केल्यास सर्व्हर फितूर झाला तरी खाते हाती राहते. परंतु ही नोंद वापरकर्त्याने आपणहून करावी लागते. ती न केल्यास सर्व किल्ल्या सेवा चालवणाऱ्याकडेच राहतात.