थारच्या पोटातला पांढरा थर

डोक्यावर पितळेचं भांडं उपडं घाला आणि दोर घट्ट धरा. बिकानेरकडच्या वाळूत कुंई, म्हणजे अरुंद, खोल विहीर, खणणं चाललंय आणि तुम्ही तिच्यात उतरताय. साल विचारू नका, इथं कित्येक पिढ्या हे काम असंच होत आलंय.

तळाशी चेजारो, म्हणजे खणणारा कारागीर, उकिडवा बसलाय. कुदळ फिरवायला जागा नाही, म्हणून त्याच्या हातात आखूड दांड्याची बसौली. उकाडा असा की जीव घुसमटतो. वरून कुणीतरी मूठभर वाळू जोरात खाली फेकतं. तिच्यासोबत वरची गार हवा खाली येते आणि कोंडलेली हवा वर निघते. भांडं डोक्यावर का, ते आता कळलं असेल. भिंती ढासळू नयेत म्हणून खींप नावाच्या गवताचा जाड दोर वेटोळं करत आतून चढवत नेलाय.

पन्नासेक हातांवर बसौली खट्कन वाजते. पांढरा, घट्ट थर लागलाय. हा जिप्समचा थर, इथले लोक त्याला खडिया म्हणतात. तुम्ही तो फोडायला सरसावता आणि चेजारो तुमचं मनगट धरतो. याच्या खाली भूजल आहे, पण खारं. गोडं पाणी आहे ते याच्या वर, आणि तेही पाण्याच्या रूपात नाही. पाऊस वाळूत मुरतो, या थरावर अडतो आणि कणाकणात ओल होऊन राहतो. काळ्या रानासारख्या भेगा वाळूला पडत नाहीत, त्यामुळे ती ओल सहसा उडूनही जात नाही. तिला रेजाणी पाणी म्हणतात. कुंईच्या पोकळीत ती थेंबाथेंबानं पाझरते, दिवसाकाठी दोन-तीन घागरी, बस्स. कुंई ज्याची त्याची, जमीन मात्र गावाची. नवी खणायची तर गावाला विचारायचं, कारण ओल सगळ्यांची एकच.

वर या. आता साल सांगतो, १८९९. विक्रम संवत १९५६, म्हणून या दुष्काळाचं नाव छपनिया. पावसानं पाठ फिरवलीय. माणसं खेजडीच्या झाडाची साल कुटून खातायत आणि गुरांची हाडं वाटेवर पडलीत. इथं फार वेळ थांबू नका, बघवणार नाही. एक गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा : बिकानेरच्या गादीवर गंगासिंह नावाचा एकोणीस वर्षांचा राजा आहे आणि हे सगळं तो बघतोय.

२६ ऑक्टोबर १९२७. तोच राजा, आता सत्तेचाळीस वर्षांचा. शिवपुरीला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सतलजचं पाणी गंग कालव्यात सुटतं. कालव्याला चुन्याचं अस्तर, म्हणजे पाणी वाटेत मुरू नये. भाषणं ऐकायची गरज नाही. गर्दीतल्या ज्यांना छपनिया आठवतोय, त्यांचे चेहरे बघा. कालवे ही चूकच होती असं म्हणणाऱ्यांना मला या गर्दीत आणून उभं करावंसं वाटतं.

पुढचा कालवा मोठा. कंवर सेन या अभियंत्यानं त्याची कल्पना १९४८ मध्ये मांडली आणि ३१ मार्च १९५८ ला काम सुरू झालं. सतलज आणि बियास जिथं मिळतात त्या हरिकेपासून थेट जैसलमेरपर्यंत ६४९ किलोमीटर. साठच्या दशकात कुठंही उतरलात तरी आधी गाढवंच दिसतील, पाठीवर माती लादलेली, ओळीनं चढ चढणारी. मजुरांचं प्यायचं पाणी उंटावरून येतं. पाण्यासाठी खणणारी माणसं स्वतः मोजून पाणी पितायत. १९६१ मध्ये पहिलं पाणी सुटलं. १९८४ मध्ये या कालव्याला, तोवरच्या राजस्थान कालव्याला, इंदिरा गांधींचं नाव मिळालं. १ जानेवारी १९८७ ला पाणी शेवटच्या टोकाला पोहोचलं.

आता सुरतगडजवळ बडोपलच्या बाजूला चला, साधारण नव्वदचं दशक. पायताण काढा, चिखल आहे. वाळवंटात! शेतात लव्हाळे माजलेत, घरांच्या भिंतींना कमरेइतकी ओल चढलीय आणि विटांवर पांढरी बुरशी दिसतेय. बोट लावून चाटा : मीठ. याला इथं सेम म्हणतात. शिरोळकडचा उसाचा शेतकरी सोबत असता, तर त्यानं बांधावरूनच सांगितलं असतं, रान क्षारपड झालं. शेतांना मापाबाहेर पाणी दिलं गेलं, घग्गरचा पूरही टेकड्यांमधल्या खोलगटांत सोडला गेला. ते पाणी खाली मुरलं आणि अडलं. कशावर? त्याच खडियावर. चेजारोनं ज्याला हात लावू दिला नाही, तोच थर. वर्षाला मूठभर पाऊस पडायचा तोवर त्यानं ओल राखली. बारमाही कालवा आल्यावर त्याचंच बूच झालं. थराचा यात दोष नाही. आपण वरून किती ओततो, हा हिशेब माणसानं करायचा होता.

शेवटचा मुक्काम आजचा, मोहनगडच्या अलीकडचा एक चक, म्हणजे कालव्याच्या पाण्यावरची वस्ती. रात्रीचे तीन. मुरब्ब्याच्या, म्हणजे पंचवीस बिघ्यांच्या शेताच्या, कडेला तुम्ही बॅटरी धरून उभे आहात. इथं पाणी आठवड्याच्या १६८ तासांत वाटलेलं आहे, जितकी जमीन तितका वेळ, आणि बारी रात्री आली तर रात्रीच दारं धरायची. शेताचा मालक मूळचा कांगड्याचा. बियासवरच्या पोंग धरणात त्यांचं गाव गेलं आणि बदल्यात घराण्याला इथं जमीन मिळाली. गाव बुडवून जे पाणी साठवलं, त्यातलंच कालव्यानं इथं येतं. त्यांच्यासोबत आलेल्या बऱ्याच जणांनी जमिनी विकल्या आणि ते परत डोंगरात गेले.

पाणी पाटातून येतंय, पण बोटभरच. वरच्या अंगाला कुणीतरी मोघा, म्हणजे कालव्यातून पाणी घ्यायचं तोंड, मोठा केला असणार. मालक ते जमेल तितकं डिग्गीत, म्हणजे प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात, वळवतोय. नंतर तुषार सिंचनानं मोहरीला देता येईल. तेवढ्यात शेजारी फावडं घेऊन नाक्यावर हजर.

"तीन वीस झाले जी, माझी बारी लागली."

"अर्धी डिग्गी रिकामी आहे माझी. दहा मिनिटं थांब."

"मागच्या नहरबंदीत कालवा बंद राहून माझी आख्खी बारी गेली, तेव्हा कोण थांबलं होतं?"

मालक तुमच्या हातातली बॅटरी घेतो, घड्याळावर धरतो आणि शिवी हासडून नाक्यात माती ओढायला लागतो. शेजारी म्हणतो, माती नीट दाब, गेल्या वेळी रात्रभर तुझ्याच शेतात गळत होतं.