कॅरिअकू नौकास्पर्धा

कॅरिबियन समुद्रातील ग्रेनेडा देशाच्या कॅरिअकू बेटावर दरवर्षी ऑगस्टच्या प्रारंभी, मुक्तिदिनाच्या सुटीला जोडून भरणारी शिडाच्या होड्यांची शर्यत. लिंटन रिग या नौकाप्रेमी गृहस्थाने 1965 मध्ये ती सुरू केली. बेटावरील होडीबांधणीचा धंदा टिकावा, हा त्यामागील हेतू होता.

स्पर्धेचे खरे वैशिष्ट्य तिच्या होड्यांत आहे. विंडवर्ड या गावातील कारागीर त्या किनाऱ्यावरच बांधतात. हा वारसा ते स्कॉटिश पूर्वजांचा मानतात. कागदावरील आराखडा नसतो. सारा भरवसा नजरेवर. सांगाड्याच्या फासळ्यांसाठी मुळातच वाकडे वाढलेले पांढऱ्या सीडरचे लाकूड निवडतात. होडी पाण्यात लोटण्याचा सोहळा गावजेवणाचा असतो, आणि त्यात रमला मोठा मान.

मासेमारीच्या व मालवाहू होड्या लांबीनुसार गट पाडून सोडतात. हिल्सबरो गावाच्या किनाऱ्यावर गाढवांच्या शर्यती आणि ग्रीस लावलेल्या खांबावरील कसरती चालतात. अनेक प्रेक्षक त्यांच्यासाठीच येतात, असे म्हणणे फारसे चूक नाही. 2015 च्या ‘व्हॅनिशिंग सेल’ या माहितीपटात येथील होडीबांधणीचे चित्रण आहे. 1 जुलै 2024 रोजी बेरिल चक्रीवादळाने बेटाची प्रचंड हानी केली.